वीसपैकी नऊ

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, कठड्याला हात लावून ती थांबली आणि आपण वर चाललो आहोत की खाली, हे तिला कळेना. लिफ्ट बंद होती, एवढे ठाऊक होते. हातात कापडी पिशवी होती, पिशवीत छत्री होती, पण छत्रीवरून काही ठरत नाही. छत्री माणूस जाताना नेतो आणि येताना परतही आणतो. वर कुणाच्या तरी घरात भांडी आपटत होती, खाली एक दार लागले. दोन्हीकडच्या पायऱ्या सारख्याच पिवळट आणि सारख्याच झिजलेल्या. तिने आपला श्वास ऐकला. धाप लागलेली नव्हती. म्हणजे खाली, तिने ठरवले, आणि हरवलेली किल्ली सापडावी तसे तिला क्षणभर हायसे वाटले. पण पाय उचलेना. उतार कोणत्या बाजूला आहे हे तिला विचार करून शोधावे लागले होते. तिला! जिने अकरा वर्षे डोंगराच्या माथ्यावरून सायकल खाली सोडून देण्याखेरीज दुसरे काही केले नाही, जिने दगड, मुळे, चिखल आणि दोन-दोन पुरुष उंचीच्या उड्या यांच्यापलीकडे जगात काही बघितले नाही, खाली पोचायला किती सेकंद लागले यावरून जिचे फोटो पेपरात छापून यायचे, तिला. कुणाला सांगितले असते तर तो हसलाच असता. तिलाही थोडे हसू आले. मग ती तिथेच पायरीवर बसली आणि बराच वेळ बसून राहिली.

दुकानात पोचायला तिला वीस मिनिटे उशीर झाला. दुकान चष्म्यांचे. पुढे आरसे आणि झगमगाट, मागे एक बिनखिडकीची खोली. तिथे ती फ्रेमच्या मापाने काचा घासून बसवायची. मालकांना सगळे काका म्हणत. काका गिऱ्हाइकाशी जितके गोड बोलत तितकेच तिच्याशीही बोलत, त्यामुळे ते खूश आहेत की वैतागलेत याचा पत्ता लागायचा नाही. प्रत्येक कामाचा एक ट्रे, ट्रेमध्ये फ्रेम, दोन काचा आणि आकड्यांची चिठ्ठी. ट्रेपासून यंत्रापर्यंत चार पावले. पण तेवढ्यात आकडे गळून जायचे, म्हणून ती ते पेनाने मनगटावर लिहून घ्यायची. तरी मागच्या महिन्यात तिने एका बाईंची डावी काच उजवीकडे बसवली होती आणि त्या बिचाऱ्या तीन दिवस फुटपाथवरून उतरताना अडखळत होत्या. "होतं असं कधी कधी," काका म्हणाले होते, आणि तेव्हापासून तिचा प्रत्येक चष्मा गिऱ्हाइकाला देण्यापूर्वी स्वतः उजेडात धरून पाहू लागले होते. तिला ते खोलीच्या दारातून दिसायचे. यंत्र सुरू केले की काचेवर पाण्याची बारीक धार पडायची आणि असा कर्कश आवाज व्हायचा की कुणाला तिच्याशी बोलताच येत नसे. त्या आवाजाने तिचे डोके दिवसभर ठणकायचे, पण माणसांच्या बोलण्यापेक्षा तो परवडला.

संध्याकाळी नवरा कामावरून आला, गणवेशाचा शर्ट खुंटीला लावला आणि चहाला लागला. तो बस चालवायचा आणि तीही हळू. उतारू त्याच्या नावाने बोटे मोडायचे. डोंगर उतरणाऱ्या बाईने शेवटी गोगलगायीशी लग्न केले, असे तिच्या जुन्या सोबत्यांनी तोंडावर म्हटले होते, आणि त्यात तो स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसला होता.

"आज जिन्यात मला कळेना," ती म्हणाली.

"काय कळेना?"

"वर चाललेय की खाली."

त्याने गॅस बारीक केला. "किती वेळ?"

"काय माहीत. छत्री बघितली, पण तिच्यावरून काही कळलं नाही."

"छत्रीला काय कळतंय," तो म्हणाला, पण हसला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "दूध लागतंय बघ," आणि स्वतःच पातेले उतरवले. हे तो रोज करायचा, तिला ओशाळे वाटू न देता. तिला वास येत नसे. चौथ्यांदा पडली तेव्हा हेल्मेट मागच्या बाजूने चिरले होते. त्यानंतर महिनाभराने तिच्या लक्षात आले की साबणाला, मातीला, पेट्रोलला, कशालाच वास उरलेला नाही. नवरा त्यानंतर पाच वर्षांनी भेटला. म्हणजे ज्या माणसाच्या कुशीत ती सात वर्षे झोपत होती त्याचा वास कसा आहे हे तिला ठाऊक नव्हते आणि ठाऊक होण्याची शक्यता नव्हती. या गोष्टीचे तिला कधी काही वाटायचे नाही आणि कधी इतके वाटायचे की ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायची. नळाच्या आवाजात तिला रडता यायचे असे मात्र नव्हे. रडूही येत नसे. ती नुसती उभी राहायची आणि पाणी वाया जायचे.

तो भेटला तेही असेच. शर्यती सोडून वर्ष झाले होते. सकाळ झाली की अंगावर ओले ब्लँकेट टाकल्यासारखी तिच्यावर यायची. उठायचे कशाला, दात घासायचे कशाला, याची उत्तरे तिला आठवत नव्हती. पूर्वी ती प्रश्न न विचारताच मिळत असावीत. घरात बसवेना म्हणून ती एक दिवस बसमध्ये जाऊन बसली, काळा चष्मा लावून, कारण उजेड डोळ्यांत सुयांसारखा घुसायचा. बसमध्ये आपल्याला काही करावे लागत नाही. कुणी काही विचारत नाही, शर्यत नाही, आणि तरी आपण कुठेतरी जात असतो. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. ही बसूनच. ड्रायव्हरने मान वळवून पाहिले. ती म्हणाली, "मला कुठंच उतरायचं नाहीये." तो म्हणाला, "मग बसा की. मलापण परत तिकडंच जायचंय." असे चार महिने चालले. पाचव्या महिन्यात त्याने डब्यातला अर्धा पाव मागे दिला. त्याने तिला ओळखले नव्हते, पेपर त्याने कधी शेवटच्या पानापर्यंत वाचलाच नव्हता, आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला ओळखत नाही याचे बरे वाटले होते.

आता तोच तिला दवाखान्यात घेऊन गेला. डोक्याच्या दुखापतींचा वेगळा विभाग, भिंती फिक्या हिरव्या, ट्यूबलाइट मुद्दाम मंद ठेवलेल्या. तिथे असे मंद उजेड मागणारे लोक येतात हे बघून तिला आपल्या माणसांत आल्यासारखे वाटले. डॉक्टरीणबाई तिच्यापेक्षा लहान असाव्यात. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, जिना, मनगटावरचे आकडे, ओले ब्लँकेट, नळ. वीस शब्द वाचून दाखवले आणि आठवतील तेवढे सांगायला सांगितले. डोक्याचे फोटो काढले. मग सायकल शर्यतींच्या संघटनेकडून तिचे जुने कागद मागवले. त्यांच्या खेळात दर मोसमाच्या सुरुवातीला प्रत्येकाची हीच परीक्षा घेऊन ठेवत, पुढे पडलाच कुणी तर तुलना करता यावी म्हणून.

पंधरा दिवसांनी तिला परत बोलावले तेव्हा टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेले होते.

"फोटोत काही दिसत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते नेहमी दिसतंच असं नाही, म्हणून मी जुन्या परीक्षा बघितल्या. सहा वर्षांच्या आहेत. वीसपैकी नऊ, दहा, नऊ, आठ, नऊ, नऊ."

"आणि आता?"

"आता नऊ."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिले. ती कागदाकडे बघत होती.

"म्हणजे तुमची स्मरणशक्ती आधीपासून एवढीच आहे," डॉक्टरीणबाई हळुवारपणे म्हणाल्या. "दुखापतीनं काही कमी झालं असं यावरून म्हणता येत नाही. तुमचं दुखणं खरं आहे, त्याबद्दल मला शंका नाही. मनाच्या डॉक्टरांकडं पाठवते, गोळ्यांनी उतार पडेल. पण इथल्या उपचारांत तुमचं नाव घालायला माझ्या हातात आधार हवा. तो नाहीये."

बाहेरच्या बाकावर बसल्यावर तिने नवऱ्याला काही सांगितले नाही. सांगायला जीभ वळवळत होती, ते आकडे खोटे आहेत, सगळे खोटे. त्यांच्यात त्याला खड्डा खणणे म्हणत. मोसमाच्या सुरुवातीलाच परीक्षेत मुद्दाम चुकायचे, गुण पाडून घ्यायचे, म्हणजे पुढे डोके आपटले आणि परत परीक्षा झाली, तरी तेवढेच गुण पडतात आणि चार आठवडे घरी बसावे लागत नाही. सगळे खणायचे. तिला दादाने शिकवले होते. दादा, तिचा थोरला भाऊ, तिची सायकल सांभाळायचा, ब्रेक, चाके, साखळी आणि हेही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चौकड्यांच्या प्लास्टिकवर कोपरे टेकून तो वीस शब्द वाचायचा. "आधी सगळे सांग," म्हणायचा, "म्हणजे मला कळेल डोकं ठिकाणावर आहे. मग निवड. पहिले दोन आणि शेवटचे दोन ठेवायचे, ते दगडालापण आठवतात. मधले गाळ. सलग गाळू नकोस, गवतातून खडे वेचल्यासारखे गाळ. आणि एखादा चुकीचा घाल, बिचारी प्रयत्न करतेय असं वाटलं पाहिजे." तिला ते शर्यतीइतकेच आवडायचे. अकरा शब्द तोंडात गोळ्यांसारखे दाबून ठेवायचे आणि परीक्षकासमोर भुवया आक्रसून म्हणायचे, "नाही हो आठवत." बाहेर आल्यावर तिची वाट बघत बसलेले सगळे खो खो हसायचे. तिला ते चेंडू म्हणत, कारण पडली की उसळून उभी राहायची. त्यांच्यातला एक पतंग होता, सगळ्यांत उंच उडणारा, सगळ्यांत खोल खड्डा खणणारा. वीसपैकी पाच सांगून आला होता एका वर्षी. तो गेला गेल्या वर्षी. कसा गेला हे घरच्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही, असे तिला फोनवर कुणीतरी म्हणाले होते.

हे सगळे तिला आठवत होते, म्हणूनच ते सांगायची भीती वाटत होती. कारण आठवणीवर आता तिचा भरवसा नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिने नवऱ्याला एका शर्यतीची गोष्ट सांगितली होती, धुके, शेवटचे वळण, तिने अर्ध्या सेकंदाने कसे मारले. हात हलवून, खुर्चीवर उभी राहून. पुढे एकदा जुनी कात्रणे सापडली. ती शर्यत दुसरीनेच जिंकली होती. ही त्या दिवशी पाचवी आली होती. ती खोटे बोलली नव्हती. तिच्या डोक्यात ती खरोखरच पहिली आली होती, अजूनही येत होती. मग टेबलावरचे प्लास्टिक, दादाची कोपरे, तोंडात दाबलेले अकरा शब्द हेही तसेच नसेल कशावरून? सहा वर्षे, सहा कागद, सरकारी अक्षर, नऊ, दहा, नऊ. कागदाला काय पडलेय खोटे बोलायला. आपण पहिल्यापासून मंदच असू आणि आता, गाळात बसल्या बसल्या, आपण एके काळी किती हुशार होतो याची गोष्ट रचली असेल. तिला हे अगदी पटू लागले. दुपारी यंत्रावर काच घासताना पटायचे, बसमध्ये पटायचे. हा अंधार बाहेरून आलेला नाही, दगडावर आपटून आलेला नाही, तो मीच आहे. याआधी मी जोरात जात होते म्हणून तो दिसला नव्हता, इतकेच. असे असेल तर त्याला काही इलाज नाही. स्वतःवर कोण औषध देणार.

एकच माणूस सांगू शकत होता. पण दादाला विचारायचे आणि तो म्हणाला, "कसली फसवाफसवी? तुला येतच नव्हतं," तर? चार दिवस तिने फोन हातात घेतला आणि ठेवला. दादाचे फोन यायचे, दर रविवारी, ठरलेल्या वेळी. "जेवलीस का?" विचारायचा. ही "हो" म्हणायची. "मग ठीक," म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. शर्यती संपल्यापासून तो तिच्या घरी तीनदा आला असेल, आणि तिन्ही वेळा खुर्चीच्या कडेवर बसला होता, उठायच्या तयारीत. तिला वाटे, मी जिंकायची बंद झाले म्हणून त्याला माझ्यात रस उरला नाही. तिला त्यात काही चूकही वाटत नसे.

पाचव्या दिवशी तिने नवऱ्याला सगळे सांगितले, भाजी चिरता चिरता, त्याच्याकडे न बघता.

"समज, दादा म्हणाला की मी वेगळी होते," ती शेवटी म्हणाली, "तर तुझी फसगत झाली. तू भेटलास तेव्हा मी ही अशी झालेली होते. खरी मी तू बघितलेलीच नाहीस."

"वीसच्या वीस लक्षात ठेवणारी?"

"हो."

"नको रे बाबा," तो म्हणाला. "मला वीस कामं सांगितली असतीस आणि संध्याकाळी वीसचा हिशेब मागितला असतास. मी दुसऱ्या दिवशी बस घेऊन पळालो असतो." मग त्याने तिच्या हातातली सुरी काढून घेतली, कारण ती कधीची एकच टोमॅटो धरून उभी होती. "तू मला आवडतेस म्हणून तू बरी होऊ नयेस, एवढा काही मी हा नाहीये. उद्या जाऊन विचार त्यांना. माझ्याच बसनं चल."

दादाचे सायकलदुरुस्तीचे दुकान त्याच्या मार्गाच्या शेवटच्या थांब्याजवळ होते. "दोन फेऱ्या करून येतो," नवरा म्हणाला आणि ती उतरेपर्यंत थांबला, मागचे उतारू कुरकुरत असताना. दुकान अरुंद, भिंतीवर ट्यूब टांगलेल्या, जमिनीवर तेलाचे काळे नकाशे. दादा एका चाकाचा बाक काढत होता. चाक फिरवायचा, एक डोळा मिटून बघायचा, तारेवर पान्याचा अर्धा वळसा द्यायचा, परत फिरवायचा. तिला बघून तो उठला आणि हात पुसू लागला. किती वेळ पुसत राहिला.

"एकटीच? जेवलीस का?"

"जेवले. दादा, एक विचारायचंय. खरं सांग, मी वाईट वाटून घेणार नाही."

"विचार की."

"त्या शब्दांच्या परीक्षेत मी मुद्दाम चुकायचे का? की मला येतच नव्हतं?"

दादाने फिरते चाक तळव्याने थांबवले. "असं का विचारतेस?"

तिने सांगितले. जिना, कागद, नऊ आणि नऊ. सांगताना तिचे लक्ष त्याच्या ओठांकडे होते, त्यातून पहिला शब्द काय निघतो याकडे.

"नऊचा आकडा माझा," दादा म्हणाला. "दहाच्या वर जायचं नाही म्हणून मीच बजावलं होतं. तुला? अगं, तुला वीसच्या वीस यायचे. मी एकदा वाचायचो, तू धडाधड म्हणून टाकायचीस. वर मला चिडवायला उलटे म्हणायचीस, शेवटापासून. मी कागद समोर धरून अडखळायचो."

"टेबलावर? चौकड्यांचं प्लास्टिक होतं?"

"निळ्या चौकड्यांचं. एका कोपऱ्याला जळलेलं."

तेव्हा तिला रडू आले. किती दिवसांनी, किती महिन्यांनी. ती एका स्टुलावर बसली आणि तोंड झाकण्याची तसदी न घेता रडली. तिला आनंद झाला होता. दुसरा शब्द नाही त्याला. कुणीतरी होती. निळ्या चौकड्यांवर बसून दादाला उलटे शब्द म्हणून दाखवणारी एक चुणचुणीत पोरगी खरोखर होती, तिने रचलेली नव्हती, आणि ती हीच. दादाने पाण्याचा तांब्या आणून दिला. तो जवळ उभा राहिला आणि इथे तो थांबू शकला असता. तिला हवे होते ते मिळाले होते, ती त्याचे आभार मानून दोन फेऱ्यांनंतरच्या बसने निघून गेली असती.

"अजून एक आहे," दादा म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता, चाकाकडे बघत होता. "शेवटचं वर्ष. त्याच्या आधीच्या मोसमात तू तीनदा आपटली होतीस. आपण टेबलावर बसलो. मी वीस वाचले. तू नऊ म्हणालीस आणि थांबलीस. मला वाटलं, तू सरळ पुढच्या भागावर गेलीस, गाळून दाखवतेयस. इतकं बेमालूम होतं! भुवया, अडखळणं, सगळं. मी टाळ्या वाजवल्या. वा, म्हटलं, काय नाटक केलंस. तू हसलीस."

"मला आठवत नाही."

"तू हसलीस आणि पाणी प्यायला उठलीस. माझ्याकडं पाठ करून उभी राहिलीस नळाशी. मी बघितलं, तू बोटं मोजत होतीस. पुटपुटत होतीस. नवाच्या पुढं बोट जात नव्हतं. परत पहिल्यापासून. परत नऊ. तेव्हा मला कळलं की तू गाळत नव्हतीस. मी म्हणायला पाहिजे होतं, बाई, यंदा घरी बस. मी काय केलं माहितीये? बाहेर गेलो आणि तुझ्या ब्रेकच्या तारा घट्ट केल्या. आठवड्यानं तू परीक्षेला गेलीस, नऊ सांगून आलीस, आणि कागदावर कुणाला काही फरक दिसला नाही. मग तू आणखी दोनदा पडलीस."

बाहेर एक मुलगी सायकलची घंटा वाजवून पाहत होती. दादाचे खांदे हलू लागले. एवढा मोठा माणूस, पिकल्या मिशांचा, हातात पाना धरून उभ्या उभ्या रडत होता. "रविवारी फोन करतो ना," तो म्हणाला, "दर वेळी ठरवतो, आज सांगायचं. आणि जेवलीस का विचारतो."

तिला राग यायला हवा होता. तिने आत चाचपून पाहिले, नव्हता. होते ते वेगळेच. कुणीतरी पाहिले होते. आपल्या आत दिवे जाऊ लागले तेव्हा एक माणूस त्याच खोलीत होता आणि त्याने ते जाताना पाहिले होते. म्हणजे अंधाराला सुरुवात होती. त्याला वर्ष होते, टेबल होते, साक्षीदार होता. तो ती नव्हती. ती उठली आणि दादाच्या खांद्यावर कपाळ टेकले.

"राग येईल मला, दादा," ती म्हणाली. "आत्ता नाही आला. आला की सांगेन."

"सांग."

"लिहून ठेव कुठंतरी. मी विसरेन."

तो रडता रडता हसला, आणि त्याच्या हाताचे तेल तिच्या शर्टला लागले ते दोघांच्याही लक्षात आले नाही.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत त्या गुरुवारी खुर्च्या कमी पडल्या. नवरा दाराशी उभा राहिला. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो खुर्चीत पूर्ण मागे टेकून बसला होता.

"मी हिचा भाऊ," तो म्हणाला. "ते कागदावरचे आकडे मी शिकवलेले आहेत. आधीची पाच वर्षं खोटी. शेवटचं एक खरं." आणि त्याने सगळे सांगितले, टाळ्यांसकट. मध्ये त्याने एकदाही स्वतःची बाजू घेतली नाही. डॉक्टरीणबाईंचे पेन हवेतच थांबले होते.

"हे मी नोंदवू का?" त्यांनी विचारले. "तुमच्या सांगण्यावरून म्हणून?"

"नोंदवा."

"अजूनही करतात असं?"

"करतात. मी रविवारी मुलांना शिकवायला जातो डोंगरावर. त्यांना मी शिकवलेलं नाही, पण थांबवलंही नाही. आता संघटना विचारेल मला. एक पतंग म्हणून होता. त्यालाही मीच शिकवलं होतं. माझं नाव घाला, पत्ता घाला."

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ लिहिले. मग तो जुना कागद उचलून फायलीच्या तळाशी ठेवला आणि एक कोरा घेतला. "हे जुनं आता धरायचं नाही," त्या तिला म्हणाल्या. "तुमचं नाव मी इथल्या उपचारांत घालतेय. पहिल्यासारखं होईल असं वचन देत नाही. पण मला खरा आकडा हवा, सुरुवात तिथून करायची. थकला असाल तर पुढच्या खेपेला."

"आत्ताच घ्या," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई सावकाश वाचू लागल्या. पूल, सुई, घोडा, मीठ, पायरी. तिने डोळे मिटले. शब्द यायचे, क्षणभर उजेडात उभे राहायचे आणि जायचे. वीस झाले. ती एकेक सांगू लागली. दादाचा हात टेबलाखाली होता आणि तो बोटे मिटत होता, हे तिला न बघताच कळले. पाच. सहा. सातवा शब्द तिच्या जिभेवर आला, कात्री, आणि जीभ थबकली. त्याला मधला म्हणून गाळायला निघाली होती ती, सवयीने. एवढेसे उरलेय आणि त्यातलेही दडवायला निघालो आपण, तिला वाटले, आणि तिला स्वतःची माया आली.

"कात्री," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पायरी."

मग तिने शोधले. मनापासून शोधले, प्रत्येक कोपऱ्यात. तिथे काही नव्हते. डॉक्टरीणबाई थांबल्या होत्या, कुणी घाई केली नाही. तिने डोळे उघडले.

"आठ झाले ना? संपले," ती म्हणाली. "सगळे दिले. या वेळी एकही ठेवला नाही."